सतरंजी की व्यासपीठ?

‘लोकसहभागातून सांस्कृतिक वारशाचा उत्सव’ ही शब्दसंहती महोत्सवांच्या निमंत्रणपत्रिकांवर आता इतकी रुळली आहे की, तिच्यातला ‘सहभाग’ नेमका कोणाचा आणि कशातला, असे विचारणेही अरसिकपणाचे ठरावे. पत्रिकेवर सहभाग म्हणजे प्रायोजकांची बोधचिन्हे, मैदानावर सहभाग म्हणजे खुर्चीत बसून वाजवलेल्या टाळ्या आणि अहवालात सहभाग म्हणजे उपस्थितांची संख्या. माझा आक्षेप उत्सवाला नाही, या शब्दाच्या अशा वापराला आहे. ज्या प्रदेशात या शब्दाला रोजच्या संध्याकाळचा, गळ्यातला आणि हातातला अर्थ होता, तिथेच तो इतका पातळ व्हावा, हे साहित्याच्या अभ्यासकांनी तरी मुकाट्याने मान्य करू नये.

वडनेर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. वर्धा म्हटले की बाहेरच्या माणसाला सेवाग्राम आणि पवनार आठवते. पण वडनेरच्या आसपासच्या या कापूसपट्ट्याचा कान घडवला तो खंजिरीने. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९३६ मध्ये ते गांधीजींच्या सहवासात सेवाग्रामला राहिले आणि १९४२ च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास घडला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून त्यांचे भजन विदर्भाच्या गावोगाव पोहोचले.

या भजनाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. एकजण चरण उचलतो, बाकीचे तो झेलतात. खंजिरीची लय गाणाऱ्यांच्या हातातच असते, त्यामुळे वादक आणि गायक अशी फारकत पडत नाही. चाल मुद्दाम सोपी असते, कारण ती ऐकवण्यापेक्षा उचलली जाण्यासाठी बांधलेली असते. सामुदायिक प्रार्थनेत तर श्रोता नावाचा घटकच शिल्लक राहत नाही. सतरंजीवर येऊन बसला तो गाणाऱ्यांतला झाला. एखाद्याचा आवाज बरा नसेल तर तो इतरांच्या आवाजात सामावला जातो. त्याला बाहेर काढण्याची सोय त्या रचनेत नाही. ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत ‘सणोत्सव’, ‘यात्रा-मेळे’, ‘सामुदायिक प्रार्थना’ आणि ‘भजन-प्रभाव’ यांना स्वतंत्र अध्याय मिळाले आहेत, ही भाविकाची हौस नव्हे. उत्सव हा गावाच्या संघटनेचा प्रश्न आहे, करमणुकीचा नव्हे, अशी ती वैचारिक भूमिका आहे.

आता याच खंजिरीला व्यासपीठावर आणा. पाच-सात मिनिटांचा अवधी, एकसारखे फेटे, ध्वनिक्षेपक, निवेदकाचे अलंकारिक मराठी आणि समोर अंधारात बसलेला समुदाय. भजनातले शब्द तेच राहतात, चालही तीच राहते. झेलणारे तेवढे नाहीसे होतात. झेलणारे गेले की उरते ते भजनाचे प्रात्यक्षिक.

यावर एक सरळ उत्तर दिले जाते : महोत्सवामुळे कलावंताला मानधन मिळते, कलेला प्रतिष्ठा मिळते, नाहीतर ती मरेल. मानधनाबद्दल वाद नाही. ते मिळावे, वेळेवर मिळावे आणि निवेदकापेक्षा कमी नसावे. पण प्रतिष्ठेचा युक्तिवाद फसवा आहे. वर्षातून एकदा नमुन्यादाखल मांडून ठेवल्याने कला जगत नाही. गावातल्या एखाद्या पोराच्या हाती खंजिरी पडल्याने जगते. ज्या महोत्सवाच्या अंदाजपत्रकात मंडपासाठी पैसा आहे आणि शिकवण्यासाठी नाही, त्याने जतनाची भाषा करू नये.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. तुकडोजी महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात ‘हिस्पॅनिक वारसा सप्ताह’ कायद्याने सुरू झाला. १९८८ मध्ये, रेगन यांच्या कारकिर्दीत, त्याचा महिना झाला. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण तुलना उद्बोधक आहे. मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन अशा निरनिराळ्या इतिहासांच्या माणसांना एका शासकीय शब्दाखाली आणून त्यांचे संगीत शहराच्या चौकात साजरे करण्याची पद्धत तिथे चांगलीच रुळली आहे. परंतु त्याच लॅटिनो समाजांत दुसरी एक परंपराही टिकून आहे. मेक्सिकोच्या वेराक्रूझ प्रांतातल्या ‘फांदांगो’त लाकडी फळीभोवती माणसे जमतात. ‘हाराना’ नावाची छोटी तंतुवाद्ये वाजत असतात, फळीवर नाचणाऱ्यांच्या टाचाच ताल धरतात आणि एकाच्या कडव्याला दुसरा कडव्याने उत्तर देतो. ही परंपरा मंचीय लोकनृत्याच्या झगमगाटात गुदमरत असताना, १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही संगीतकार खेड्यांतल्या म्हाताऱ्या वादकांकडे परतले. त्यातून गाणे शिकवण्याच्या आणि वाद्ये घडवण्याच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. पुढे लॉस एंजेलिसच्या वस्त्यांतही ती फळी पोहोचली. २००८ पासून तिहुआना आणि सान डिएगो यांच्यामधल्या सीमाकुंपणाच्या दोन्ही अंगांना लोक जमून एकच फांदांगो करू लागले. भागीदारी हा शब्द तिथे शोभतो, कारण कुंपणापलीकडचा माणूस वाजवल्याखेरीज गाणे पुरे होत नाही.

मग आपण, साहित्याचे शिक्षक आणि विद्यार्थी, या दोन पद्धतींपैकी कोणत्या बाजूला आहोत? प्रामाणिक उत्तर अप्रिय आहे. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंतांचे नाव मिळाले. पण भजन आपण शिकवतो ते संहिता म्हणून : छंद, प्रतिमा, आशय, संतपरंपरेतील स्थान. ‘लोकसाहित्य’ या विषयात तर आपण संकलन आणि वर्गीकरण यांपलीकडे क्वचितच जातो. झेलणाऱ्याचा आवाज आपल्या संकलनातही नसतो. व्यासपीठाने जे मंडपात केले, तेच आपण छापील पानावर करत आलो आहोत. तेव्हा आयोजकांना हसण्याचा नैतिक अधिकार आपल्याला फारसा नाही.

आणि सतरंजीचेही गोडवे आंधळेपणाने गाऊ नयेत. ती सर्वांसाठी अंथरलेली आहे असे म्हणणे आणि सर्वांनी तिच्यावर बसणे, यांत अंतर असते. ‘ग्रामगीते’त ‘दलित सेवा’ हा अध्याय आहे. त्यामागची तळमळ निर्विवाद आहे; पण त्या शीर्षकातच एक सेवा करणारा आणि एक सेवा घेणारा आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांनी भीमगीतांची स्वतःची मैफल उभी केली. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी तिला शब्द दिले. त्या मैफलीला कोणाच्या सेवेची गरज नव्हती. आज महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत खंजिरी भजन आणि भीमगीत एकाखाली एक छापले जाते आणि ‘समरसता’ साधली असे मानले जाते. गावात मात्र दोन सतरंज्या दोन टोकांना अंथरलेल्या असतात. एकाने चरण उचलावा आणि दुसऱ्याने तो झेलावा, असा प्रसंग किती गावांत येतो? वारशाच्या उत्सवाने खरे तर हाच प्रश्न विचारायला हवा, आणि नेमका तोच तो झाकून टाकतो.

म्हणून मागणी साधी आहे. वडनेरसारख्या गावात वारशाचा उत्सव करायचा तर मंडपाच्या खर्चातला काही हिस्सा खंजिऱ्यांसाठी आणि त्या शिकवणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ठेवा. दोन्ही टोकांच्या मंडळांना एकमेकांची गाणी शिकण्यासाठी उत्सवाआधी महिनाभर द्या. मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना तिथे टिपणवही घेऊन नव्हे, झेलकरी म्हणून पाठवावे आणि त्या अनुभवाला गुणपत्रिकेत जागा द्यावी. आणि उत्सवाच्या अहवालात उपस्थितांच्या आकड्याऐवजी एवढेच नोंदवावे : गेल्या वर्षी खुर्चीत बसलेल्यांपैकी कितीजण यंदा सतरंजीवर येऊन गायले.