मशीन घेण्याआधी झाड बघा

अंबाजोगाईच्या मोंढ्यात शेती अवजारांच्या दुकानांत हल्ली फवारणी पंपांच्या शेजारी लाकूड कापायची मशिनं मांडलेली दिसतात. 22 इंची पट्टी, खोक्यावर ठळक अक्षरांत 58 सीसी, आणि दर असा की गिऱ्हाईक जागीच विरघळतं. घरी अवकाळी वाऱ्यानं धुऱ्यावरची बाभळ आडवी पडलेली असते, मजूर मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही. मशीन घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. घ्याही. पण 22 इंची घेऊ नका.

आपल्या बालाघाटावर कापायला येणारी झाडं कोणती? बाभूळ, लिंब, सुबाभूळ, बोर, बांधावरची निलगिरी. बहुतेकांचा बुंधा फूट-दीड फुटाच्या आतला. त्याला 40 ते 45 सीसीचं मशीन आणि 16 इंची पट्टी पुरते. दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर याहून जाड खोडही उतरतं. पट्टी लांब झाली की इंजिनावर चेन ओढायचा बोजा वाढतो, तासाभरात हात भरून येतात, आणि पट्टीचं टोक पलीकडे कशाला लागतंय ते दिसत नाही. टोकाच्या वरच्या भागाला लाकूड लागलं तर मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येतं. या मशिनाचे सर्वांत वाईट अपघात असेच होतात. म्हणून पुढच्या हँडलसमोरचा चेन ब्रेक दुकानातच चालवून बघा.

सीसीचा आकडा मोठा छापायला पैसे पडत नाहीत. ताकद किती किलोवॅट, वजन किती, हे विचारा. चेन, पट्टी, एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरचे पडदे अंबाजोगाईत नाहीतर निदान लातूरला मिळतात का, हे त्याहून आधी विचारा. सुटे भाग न मिळणारं स्वस्त मशीन दुसऱ्या हंगामाला कोठीत पडून राहतं. सीताफळाच्या किंवा आंब्याच्या बागेत नुसती छाटणीच करायची असेल, तर मशीन घ्यायचं कारणच नाही. सीताफळाच्या झाडाच्या फांद्या मनगटाएवढ्याही नसतात. कात्री आणि हातकरवत बस्स.

आता इंधन. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. ज्यांनी जुनी चेतक स्कूटर चालवली त्यांना पेट्रोलमध्ये ऑईल मिसळणं शिकवायला नको, बाकीच्यांनी पुस्तिका वाचावी. पुस्तिकेत 50 ला 1 म्हटलं असेल तर लिटरला 20 मिली, 25 ला 1 म्हटलं असेल तर 40 मिली. अंदाजानं ओतायचं नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसातून येतं हे खरं, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि छोट्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधले रबरी पडदे खराब करतं. म्हणून लागेल तेवढंच मिश्रण करा आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, आतलं उरलेलं जळेपर्यंत मशीन चालवून मग ठेवा.

चेनला वेगळं तेल लागतं. ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं ऑईल तिथं ओतायची आपल्याकडे सर्रास सवय आहे, ती सोडा. त्यात धातूचा चुरा असतो, तो पट्टी खातो, आणि त्याचे तुषार तुमच्याच कातडीवर बसतात. तेल सुटतंय का हे बघायला पट्टीचं टोक कागदासमोर वीतभर लांब धरून मशीन जोरात चालवा. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

चेन गार असताना ती पट्टीच्या खालच्या बाजूला चिकटून बसलेली हवी, तरी हातमोजा घातलेल्या हातानं सहज ओढता आली पाहिजे. चालून तापली की ती लांबते, मग पुन्हा ताणावी लागते. काम संपल्यावर मात्र सैल करून ठेवा, नाहीतर गार होताना ती आक्रसून पट्टी आणि इंजिनाचा दांडा दोन्ही ओढते. नवी चेन घेताना पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि कड्यांची संख्या या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. पिच आणि गेज बहुधा पट्टीवरच कोरलेले असतात.

धार हा खरा मुद्दा. लोक मशिनाला दोष देतात, बोथट असते चेन. मशिनातून लाकडाच्या कपच्या उडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडू लागला की थांबा. वाळली बाभूळ आणि चिंच धार फार लवकर घालवतात, म्हणून जमेल तेवढं लाकूड ओलं असतानाच कापा. खोडाला माती लागली असेल तर आधी झाडून घ्या, मातीला चेन टेकली की घासलेली धार गेलीच. बांधावरच्या जुन्या झाडात कुंपणाची तार, रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे साल चढून आत गेलेले असतात, तेही आधी तपासा. घासायला गोल कानस लागते, आणि ती पिचप्रमाणे बदलते: .325 पिचच्या चेनला 4.8 मिलिमीटरची, लहान मशिनाच्या लो प्रोफाईल चेनला 4 मिलिमीटरची. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा, सुमारे 30 अंशांत, आतून बाहेर. एका बाजूचे दात आखूड झाले तर काप तिरका जातो.

फळ्या पाडायचा विचार असेल तर जरा थांबा. चेनच्या मशिनानं उभं लाकूड चिरताना प्रत्येक कापात सुमारे 9 मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. इंची फळ्या पाडल्या तर चौथा हिस्सा लाकूड जमिनीवर. वखारीतल्या बँड सॉचा काप तीनेक मिलिमीटरच्या आत असतो. शिवाय चिरताना मशीन मिनिटानुमिनिटं पूर्ण जोरात चालतं, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात लहान इंजिन त्यात जळतं. दोन-चार ओंडक्यांसाठी परवाना असलेली वखार गाठा. अवजड चिंचेचं खोड मळ्यातून बाहेरच काढता येत नसेल, तर गोष्ट वेगळी. मग 70 ते 90 सीसीचं मशीन, चिरणीचा साचा आणि 10 अंशांत घासलेली चिरणीची चेन लागेल. फळ्यांच्या टोकांना लगेच रंग लावा, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. इंच जाडीला वर्षभर वाळवण धरा. मात्र लोकांची लाकडं पैसे घेऊन चिरायला लागलात तर ती आरागिरणी ठरू शकते, आणि गोदावर्मन या वनसंरक्षणाच्या खटल्यातल्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशापासून आरागिरण्यांच्या परवान्यांवर सर्वोच्च न्यायालयाची नजर आहे.

झाड तुमच्या रानातलं असलं तरी तोडायची मुभा सरसकट नाही. 1964 च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग, चंदन अशी झाडं आहेत, त्यांना परवानगी लागते. गावठाणात नव्हे, अंबाजोगाई नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर 1975 चा नागरी क्षेत्राचा कायदा लागतो, तो सगळ्याच झाडांना. लाकूड वाहतुकीच्या पासाचं वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. 2020 च्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यात, बीडजवळ पालवणला भरलेल्या वृक्ष संमेलनाचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं. इतक्या कमी जंगलाच्या जिल्ह्यात कागद पूर्ण करायचा कंटाळा करू नये.

राहिली तोड. ज्या बाजूला पाडायचं तिकडे खोडाच्या पाव भागाएवढी खाच घ्या. मागून कापताना पूर्ण आरपार जाऊ नका. जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी मध्ये शिल्लक ठेवा, तीच झाडाला दिशा देते. कललेल्या बाभळीला आणि निलगिरीला मागून सरळ कापत गेलात तर खोड उभं चिरतं आणि मागचा भाग छातीवर येतो. असं झाड नवख्यानं हाती घेऊच नये. शिडीवर किंवा झाडावर चढून एका हातानं मशीन चालवू नका. विजेची तार जवळ असेल तर महावितरणला कळवून लाईन बंद करून घ्या. उपरणं, धोतराचा सोगा, साडीचा पदर मशिनाजवळ येता कामा नये. हेल्मेट, जाळी, कानावर मफ आणि मांडीवरची संरक्षक पँट यांचे पैसे मशिनाच्या किमतीतच धरा. हवं तर छोटं मशीन घ्या, पण ही साधनं घ्याच.

रानात एकट्यानं मशीन सुरू करू नका. हाकेच्या अंतरावर माणूस असू द्या, त्याच्याकडे चार्ज केलेला मोबाईल असू द्या आणि रुग्णवाहिकेचा 108 नंबर त्याला पाठ असू द्या. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, ही आपली मोठी सोय आहे. तिच्या भरवशावर हेल्मेट घरी ठेवू नका.