आधी मशीन बंद करा

आमच्या यवतमाळात एखाद्या बाईची पाठ दुखायला लागली, की सगळं वैद्यकशास्त्र एका वाक्यात गोळा होतं. ते वाक्य म्हणजे, "आधी ते मशीन बंद करा!" मशीन म्हणजे अर्थातच शिलाई मशीन. घरात मिक्सर असतो, कपडे धुण्याचं यंत्र असतं, पण त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. कणकेच्या परातीकडे तर नाहीच नाही. आरोपी एकच, खिडकीशी काळं तोंड करून उभा असलेला. हा सल्ला डॉक्टर देतात, त्यांचा कंपाउंडर देतो, नागपूरहून मावससासूबाई फोनवर देतात, आणि दत्त चौकात भाजी घेताना भेटलेल्या अर्ध्या ओळखीच्या बाईसुद्धा मेथीची जुडी उलटीपालटी करता करता देऊन जातात. या सल्ल्याशी माझं भांडण आहे, आणि ते आज चारचौघांत मांडायचं मी ठरवलं आहे.

मी पडलो बँकेतला कारकून. कुणी कपात सुचवली की आधी खातेवही मागायची, हा आमचा धर्म. म्हणून मी आमच्या सौ.च्या आठवड्याची खातेवहीच मांडली. ती सरकारी कार्यालयात आहे. जाणं-येणं धरून कचेरीचे तास झाले आठवड्याला ४५. पहाटे पाचपासूनचे डबे, पाणी, संध्याकाळचा स्वयंपाक, ओट्याची आवराआवर हे धरून ३५. आणि रविवारी दुपारचे तीन तास, अधूनमधून रात्री एखादा तास असं शिवणकाम झालं ५. एकूण ८५. म्हणजे शिवणकाम शेकडा सहाच्याही आत. राज्य सरकारने २०२० च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा शनिवारी दुपारी तिला थोडं शिवता येईल असं आम्हांला वाटलं होतं. सरकारने दिलेला तो शनिवार घराने महिन्याभरातच जप्त केला. त्यात आता पापड, निवडणं, टिपणं, पाहुणे आणि वीजबिल आहे.

तर ही खातेवही डोक्यात घेऊन मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "ताई, दिवसभर काय काय करता?" तिने क्रमाने सांगायला सुरुवात केली. डॉक्टर मान हलवत होते. पाचला उठते, मान हलली. ओट्याशी दोन तास उभी असते, मान हलली. खुर्चीवर आठ तास फायली, पुन्हा मान हलली. पेन मात्र हललं नाही. शेवटी ती म्हणाली, "आणि रविवारी थोडं शिवते." तत्काळ पेन टेकलं! "हां! ते शिवणकाम बंद करा. निदान सहा महिने."

आता मला सांगा, एखाद्या कंपनीला तोटा आला आणि संचालकांनी शिपायाचा चहा बंद करून ताळेबंद सावरला, असं कधी कुणी ऐकलं आहे काय? बी.कॉम.ला आम्हांला जी काही चार अकला शिकवल्या त्यांत पहिली ही होती, की खर्च कमी करायचा तर सर्वांत मोठ्या रकमेपासून सुरुवात करावी. इथे पहिली कात्री शेवटच्या रकमेला! कारण उघड आहे. पंचेचाळीस तासांवर कचेरीचा शिक्का आहे, पस्तीस तासांवर घराचा. पाच तासांवर फक्त तिचा. आणि ज्या खात्याला वारस नाही ते आधी बंद करायचं, असा एकूण व्यवहार आहे.

बरं, हे पाच तासही निर्वेधपणे तिचे असतात असं नाही. मशीन असलेलं घर म्हणजे गल्लीची सार्वजनिक मालमत्ता. "वहिनी, फक्त एक टीप मारून द्याल का?" असं म्हणत कुणी ना कुणी दारात उभं असतं. ही 'एक टीप' म्हणजे काय चीज आहे ते ज्याच्या घरी मशीन आहे त्यालाच ठाऊक. एक टीप म्हणजे पडद्यांचे सहा पाट. एक टीप म्हणजे गॅदरिंगचे दोन लेझीमवाले झगे, उद्या सकाळी सातपर्यंत. एक टीप म्हणजे पँट आखूड करणं, आणि पोरगा वाढला की तीच पँट उसवून लांब करणं. आमचा जिल्हा कापसाचा. इथला कापूस उचलण्यासाठी गोऱ्या साहेबाने १९०३ मध्ये यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रूळ टाकले. त्यावरची आमची लाडकी शकुंतला आता थांबली, पण तिच्या अमदानीत इथला कापूस मँचेस्टरला जाई आणि तिथून कापड होऊन परत येई. लूटच ती, नाही कोण म्हणतो? पण साहेब निदान कापसाचे पैसे तरी देत असे. एका टिपेचे आम्हांला आजवर कुणी दिले नाहीत. फार तर वाटीभर चिवडा येतो, आणि तो परतफेडीच्या वाटीची वाट बघत बसतो.

गंमत अशी, की हेच एक टीपवाले लोक तिची पाठ दुखते म्हटल्यावर, "वहिनी, आता ते शिवण सोडा बरं," असं सांगण्यात सर्वांत पुढे. सांगून झाल्यावर पिशवीतून उशीचे अभ्रे निघतात.

या यंत्राचा इतिहास मी मुद्दाम चाळला. एलियास होव याने १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, सिंगरने १८५१ मध्ये स्वतःचं. या आयझॅक सिंगरबद्दल आपल्या गांधीजींचं मत फार चांगलं. यंत्रांवर त्यांचा कटाक्ष होता हे सर्वश्रुत आहे, पण १९२४ मध्ये बोलताना त्यांनी सिंगरच्या मशीनला सूट दिली. बायकोला हाताने टाके घालताना बघून, निव्वळ तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने हे यंत्र काढलं, असं त्यांचं म्हणणं. महात्म्याची दृष्टी ती, तिला चांगलंच दिसायचं. प्रत्यक्षात हा गृहस्थ मुळात नाटकमंडळीतला, त्याचे संसार एकाच वेळी निरनिराळ्या शाखांतून चालत, आणि मुलं वीसच्या वर. प्रेम पुष्कळ होतं, वाटपच फार होतं! त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क मात्र आमच्या जातीचा. त्याने १८५६ मध्ये हप्त्याने मशीन विकायची पद्धत काढली आणि मध्यमवर्गाला कायमचं कर्जात बसवलं. आमची बँक आज त्याच पुण्याईवर चालते.

पण मला त्या इतिहासात खरी खटकली ती वेगळीच गोष्ट. त्या काळी असा हिशेब छापून आला होता, की पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला सव्वाचौदा तासांच्या वर लागत, तोच मशीनवर सव्वा तासात होई. वाचवले किती? तेरा तास! मग माझा कारकुनी प्रश्न असा, की हे तेरा तास जमा कुठे झाले? बायकांच्या खात्यावर तर दिसत नाहीत. मी तपासलं. ते एका सदऱ्याच्या जागी सहा सदरे, सहा सदऱ्यांची धुणी आणि सहा इस्त्र्या यांच्या नावे वळते झालेले दिसतात. शिल्लक काय ती रविवारची दुपार. तीही आता डॉक्टरांना हवी आहे.

दुसरा एक वर्ग आहे, त्याला मशीन बंद करायला नको आहे. त्याला ते चालू हवं आहे, पण मीटर लावून. "वहिनींच्या हातात कला आहे हो! ब्लाऊज शिवून द्यायला का नाही लागत? घरबसल्या चार पैसे!" घरबसल्या! जणू इतर वेळी ती बागेत बसलेली असते. एका सद्गृहस्थांनी तर विश्वकर्मा योजनेचा अर्जच आणून दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेली ही योजना वाईट नाही. अठरा व्यवसायांत शिंप्याचं नाव आहे, अवजारांसाठी पंधरा हजार मिळतात, दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज पाच टक्क्यांनी, तारणाशिवाय. ज्याचं पोट सुईच्या टोकावर आहे त्याला ते मिळालंच पाहिजे, आणि काउंटरवर त्याला हेलपाटे पडू नयेत. पण सरकारी नोकराच्या कुटुंबाला ती लागू नाही, हे मी त्यांना सांगितलं. तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला, की तिच्या शिवणकामातला अर्थच संपला. "मग उपयोग काय हो?"

उपयोग काय! आमच्या कॉलनीत रविवारी रमीचा फड बसतो. मांडी घालून चार-चार तास. त्यातल्या एकाची कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला पट्टा दिला, घरच्यांनी लोड दिला आणि मंडळींनी भिंतीकडेची जागा दिली. "आधी पत्ते बंद करा" असं कुणी म्हणालं नाही. "यातून चार पैसे मिळतात का?" असंही कुणी विचारलं नाही. उलट जातातच, ते सगळ्यांना माहीत आहे. पुरुषाने वेळ घालवला तर तो विरंगुळा, बाईने घालवला तर ते दुखण्याचं कारण.

ती शिवते काय, हे तरी कुणी बघावं. एका ब्लाऊजच्या मुंढ्यापायी तिने तीन रविवार घालवलेले मी पाहिले आहेत. बाही बसवायची, दिव्याखाली धरायची, एक बारीकशी चुणी दिसली की उसवायची. गळ्याला लावायची पट्टी उरेप कापायची, म्हणजे ती वळणावर नीट वळते, हे मला तिने कापड ताणून दाखवलं. मला आडवं-उभं एवढंच कापड ठाऊक. कचेरीतली फाईल तिच्याकडून जाते ती शेरा घेऊन परत येते. पोळ्या तर डबा उघडेपर्यंतच. ती शिवलेली बाही मात्र तिसऱ्या रविवारी बसली ती बसली. तिने ती खुंटीवर टांगली, दोन पावलं मागे झाली आणि चहा थंड होईपर्यंत बघत राहिली. त्या वेळी तिची पाठ दुखत होती की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दुखणं खोटं नव्हे. मान वाकते, खांदे आखडतात, डोळे शिणतात. पण ते कशाने, याची चौकशी करायला दुसऱ्या एका व्यायामोपचारवाल्या बाई भेटाव्या लागल्या. त्यांनी विचारलं, "कापता कुठे?" फरशीवर! आमच्याकडे सगळ्या बायका फरशीवरच कापतात. चादर अंथरायची, उकिडवं बसायचं, कमरेत वाकून तासभर कात्री चालवायची. शिवताना दुखत नव्हतं, दुखत होतं ते कापताना. शिवाय मशीनपुढचं स्टूल बुटकं, दिवा पाठीमागे. बाईंनी सांगितलं, कापायचं उंच टेबलावर, स्टूल वर घ्या, उजेड सुईवर पडू द्या, आणि अर्ध्या तासाने उठून पाणी प्या. हे सगळं करायला आम्हांला एक जुनं दार, चार विटा आणि दीडशे रुपयांचा दिवा लागला. मशीन बंद करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, हे मी जमाखर्चाच्या जबाबदारीने सांगतो.

आणि उरलेल्या ऐंशी तासांचं काय? ते आमच्या आईने निकालात काढलं. ती ऐंशीच्या घरात आहे, दारव्ह्याकडची, बोलायला रोखठोक. घरात सहा महिन्यांच्या बंदीची चर्चा चालली होती, मावससासूबाई फोनवर होत्याच. आई कापसाच्या वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पाठ दुखते त पोया बंद करा ना बाप्पा! मशीन काऊन बंद करता?"

फोनवर पलीकडे शांतता पसरली. ऐंशी वर्षांत आमच्या घराण्यात कुणाला न सुचलेला उपचार होता तो. दुसऱ्या दिवसापासून पोळ्यांना बाई लावली. पाणी भरणं आणि ओटा धुणं पोरांकडे आलं. पहिला आठवडा त्यांनी असे काही चेहरे केले, की जणू काळ्या पाण्यावर निघाले आहेत. पण कुणी मेलं नाही. बाईच्या पोळ्या जरा जाड असतात, एवढी तक्रार मात्र रमीच्या फडावर पोचली आहे. वहिनींनी शिवणापायी स्वयंपाक सोडला, अशी तिथे नोंद आहे.

ती नोंद मला मान्य आहे. खाली माझी सही समजावी. रविवारी दुपारी दोन ते पाच आमच्याकडे काउंटर बंद असतं. ज्यांची एक टीप असेल त्यांनी बाजारात शिंपीदादांकडे जावं, ते पँट पन्नास रुपयांत आखूड करून देतात आणि त्यावर त्यांचं घर चालतं. पैसे कमी पडत असतील तर माझ्याकडून घ्यावेत. पावती आणावी.