मांडी म्हणजे सीट नाही!

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की एक सल्ला घरोघरी ऐकू येतो. "पोरगं पाच वर्षांचं होईपर्यंत तिकीट लागत नाही, तोवर फिरून घ्या!" नाशिककरांना फिरायला जागांची कमी नाही. त्र्यंबक आहे, वणीचा गड आहे, शिर्डी आहे, भंडारदरा आहे आणि मुंबईला मामाचं नाहीतर आत्याचं घर असतंच. मुलांना जरूर फिरवा आणि पैसेही जरूर वाचवा. माझं भांडण बचतीशी नाही, बचतीच्या जागेशी आहे. आपण मुलाच्या बसायच्या जागेवर पैसे वाचवतो आणि तेच पैसे रस्त्यात गोड पाण्याच्या बाटल्यांवर उडवतो. हा हिशेब उलटा आहे. तो का उलटा आहे, हे आज जरा स्पष्टच सांगतो.

फुकट तिकीट म्हणजे काय?

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला स्वतंत्र बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको असेल तर अर्धं. एसटीत पाच वर्षांपर्यंत फुकट आणि पुढे बारापर्यंत अर्धं तिकीट. या सवलती चांगल्याच आहेत. पण ही सवलत भाड्यात आहे. अपघाताचा धक्का बसताना मुलाच्या शरीराला कुठलीही सवलत मिळत नाही. आपण मात्र "तिकीट लागत नाही" याचा अर्थ "जागा लागत नाही" असा लावून घेतला आहे. हीच सवय मग स्वतःच्या गाडीत, काळी-पिवळीत आणि मोटरसायकलवरही येते.

दहा किलोचं बाळ, एकशे चाळीस किलोचा धक्का

"मी घट्ट धरून बसते ना!" असं आई म्हणते, तेव्हा तिच्या मायेबद्दल शंका नसते. शंका हातांच्या ताकदीबद्दल असते. गणित सोपं आहे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि धडक होऊन सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असं समजा. त्या क्षणी दहा किलोचं बाळ सुमारे १४० किलो वजनाच्या जोराने पुढे फेकलं जातं. एवढं वजन एका हाताने पेलणारी आई किंवा बाप मी तरी पाहिलेला नाही.

वेग वाढला की धोका त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईला जाताना काटा सहज शंभरवर जातो. रस्ता गुळगुळीत आहे म्हणून बाळ मांडीवर सुरक्षित आहे, असं होत नाही.

दोन गोष्टी तर अजिबात करू नका. स्वतःच्या सीटबेल्टमध्ये बाळाला सोबत बांधू नका, कारण धडकेत तुमचं सगळं वजन पट्ट्यासकट बाळावर येतं. आणि मुलाला घेऊन पुढच्या सीटवर बसू नका. मोठ्यांचा जीव वाचवणारी एअरबॅग ज्या वेगाने उघडते, तो वेग लहान मुलाच्या मानेला झेपत नाही.

"एवढी महाग सीट कशाला? दोन वर्षांत लहान होते."

हा प्रश्न मला बहुतेक वेळा स्वतःची गाडी असलेले पालकच विचारतात. गाडीला चांगली चाकं, भारी म्युझिक सिस्टीम, सीटला नवी कव्हरं, हे सगळं झालेलं असतं. मुलाच्या सीटची गोष्ट निघाली की काटकसर आठवते. चाइल्ड सीटला काही हजार रुपये लागतात, हे खरं आहे. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट न लावता नेलं तर १००० रुपये दंड आहे.

पैसे वाचवायचे असतील तर मार्ग आहेत. बारशाला येणाऱ्या नातेवाइकांना सांगा की अंगठ्या, चांदीचे वाळे आणि पाच-पाच झबली नकोत, सगळ्यांनी मिळून एक सीट द्या. मोठ्या भावाची सीट धाकटीला वापरा, जावेकडून घ्या, मैत्रिणीला द्या. अट एवढीच की ती सीट कधी अपघातात सापडलेली नसावी आणि तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नसावी. बाळ निदान दोन वर्षांचं होईपर्यंत सीटचं तोंड मागच्या बाजूला ठेवा. पुढे मूल वाढेल तशी सीट बदला आणि गाडीचा पट्टा खांद्यावर व मांडीवर नीट बसेपर्यंत बूस्टर वापरा.

आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही?

हा प्रश्न रास्त आहे. ज्याच्याकडे एकच मोटरसायकल आहे त्याला चाइल्ड सीटचं व्याख्यान देणं ही थट्टा होईल. पण सुट्टीच्या दिवशी त्र्यंबक रस्त्यावर उभे राहून बघा. टाकीवर तीन वर्षांचं पोर, मागे सात वर्षांची मुलगी, तिच्यामागे आई आणि हेल्मेट असलंच तर फक्त बापाच्या डोक्यावर. ही बचत आहे, असं त्या कुटुंबाला मनापासून वाटत असतं.

आता एसटीचा हिशेब करा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. म्हणजे बापाचं एक, आईचं अर्धं, सात वर्षांच्या मुलीचं अर्धं आणि तीन वर्षांच्या मुलाचं काहीच नाही. चार माणसं दोन तिकिटांत जातात! पेट्रोल आणि पार्किंग धरलं तर फरक किती उरतो ते तुम्हीच बघा. एसटीतही मुलांसाठी पट्टा नसतो, हे मान्य. पण बस जड असते आणि धडकेचा धक्का आतल्या माणसापर्यंत कमी पोहोचतो. उघड्या मोटरसायकलशी तिची तुलनाच नको. गाडी जिथून सुटते त्या स्थानकावरून बसा म्हणजे जागा मिळते. मुलाला दाराजवळ किंवा चालकाशेजारी उभं करू नका आणि खिडकीबाहेर हात-डोकं काढू देऊ नका.

मोटरसायकलशिवाय पर्यायच नसेल तर एकाच मुलाला न्या आणि नियम पाळा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, हे केंद्राच्या नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्येच आलं आहे. आणि काळी-पिवळीत आधीच कोंबाकोंबी असेल तर "बाळ काय, मांडीवर बसेल" असं म्हणून चढू नका. पुढची गाडी येते.

मग वाचवायचं कुठे? पिशवीत!

सहा महिन्यांखालच्या बाळाला प्रवासात आईच्या दुधाशिवाय काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. दूध पावडर, बाटली, गरम पाण्याचा थर्मास हा सगळा खर्च वाचतो आणि जुलाबाचा धोकाही कमी होतो. अनेक एसटी स्थानकांवर त्यासाठी हिरकणी कक्ष आहेत, तिथे हक्काने जा. कक्षाला कुलूप असेल तर वाहतूक नियंत्रकाला उघडायला सांगा.

मोठ्या मुलांसाठी घरून पाणी, दशम्या, केळी, राजगिऱ्याचा लाडू घ्या. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत चिवड्यातले शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षं देऊ नका. आपण नाशिकचे, द्राक्षं आणि चिवडा दोन्ही आपल्या घरचे. पण अख्खं द्राक्ष लहानग्याच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. द्यायचंच असेल तर उभं चार भागांत कापून, गाडी थांबल्यावर द्या.

ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. ती आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि औषधाच्या दुकानातही स्वस्त असतात. त्याऐवजी अनेकजण टेट्रापॅकमधली गोड पेयं आणतात, कारण डब्यावर 'ओआरएस' हे शब्द मोठ्या अक्षरात असायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांवर हे शब्द वापरायला मनाई केली. असं पेय जुलाबात उलट त्रास देतं, कारण जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते. पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळा आणि चोवीस तासांत संपवा. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली आणि त्यापुढच्या मुलाला १०० ते २०० मिली चमच्या-चमच्याने द्या. मूल मलूल पडलं, काही पीत नसेल, शौचात रक्त दिसलं किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर ट्रिप थांबवा आणि दवाखाना गाठा. रस्त्यात असाल तर १०८ ला फोन करा.

मुलाने प्रवासभर झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध पाजणं हीसुद्धा एक 'स्वस्त युक्ती' आहे. ती कृपया सोडा. त्या औषधांनी लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो. कसारा घाटात मुलाला उलटी होत असेल तर निघण्याआधी हलकं खायला द्या, मोबाइल काढून घ्या, खिडकी उघडा, दूरच्या डोंगराकडे बघायला लावा. याला एक रुपयाही लागत नाही.

२०२७ मध्ये सिंहस्थ आहे. गावोगावचे पाहुणे कडेवर मुलं घेऊन आपल्याकडे येतील. त्यांच्यासाठी गाड्या वाढतील, रस्ते रुंद होतील. पण पट्टा असलेली मुलाची सीट भाड्याच्या गाडीत मिळेल का, हा प्रश्न आतापासून आपण विचारला पाहिजे. गाडी ठरवताना एसी आहे का हे विचारता, तसंच मुलाची सीट आहे का हेही विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याला ती मिळेल.

तोवर घरातला नियम एवढाच ठेवा. हॉटेल साधं चालेल, एक मुक्काम कमी चालेल, खेळणी नकोत, खरेदी नको. मुलाची जागा मात्र सगळ्यात आधी धरा आणि उरलेल्या पैशांत सहल बसवा. तेवढ्यात बसत नसेल तर यंदा पांडवलेणीला जा. मुलांना तीही सहलच वाटते.