उसन्या गीतांचें दान

दान किती जमलें याची चर्चा आपल्यांत पुष्कळ होते. तें कसें दिलें याची क्वचितच. फंडाचा आंकडा वाचून दाखविला व टाळ्या पडल्या कीं आपलें कर्तव्य संपलें, असें आपण समजतों. आम्हांस या दुसऱ्या प्रश्नाविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि त्यासाठीं उदाहरण घेतलें आहे तें अमेरिकेंतील एका ध्वनिमुद्रिकेचें. आमच्या विद्यार्थ्यांचा कान गाण्याकडे असतोच (गणिताच्या तासालाही असतो, ही गोष्ट निराळी). तेव्हां हें उदाहरण त्यांस कंटाळवाणें होणार नाहीं.

व्हिक्टोरिया विल्यम्स ही लुइझियाना संस्थानांत जन्मलेली गायिका. गीतें स्वतः रचावीं, चाल स्वतः लावावी व स्वतःच गावें, असा तिचा क्रम. १९८७ व १९९० सालीं तिचे दोन संग्रह निघाले. जाणकारांनीं ते वाखाणले, परंतु द्रव्य तिच्या पदरीं फारसें पडलें नाहीं. १९९२ सालीं नील यंग या विख्यात गायकाच्या दौऱ्यांत त्याच्या आधीं गाण्याचें काम तिला मिळालें, आणि नेमकें तेव्हांच तिचें शरीर तिला दाद देईनासें झालें. ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ हा मज्जातंतूंवरील आवरण नष्ट करणारा रोग तिला जडला होता. आरोग्यविमा नव्हता, आणि त्या देशांत विमा नसलेल्या मनुष्यास रुग्णालयाची पायरी फार महाग पडते.

तिच्या स्नेह्यांना नुसती वर्गणी गोळा करतां आली असती. त्याऐवजीं १९९३ सालीं ‘स्वीट रिलीफ’ नांवाची ध्वनिमुद्रिका निघाली. पर्ल जॅम, सोल असायलम, लू रीड, लुसिंडा विल्यम्स असे गायक व वाद्यवृंद तींत आहेत. यांपैकीं कित्येकांची कीर्ति तिच्याहून कितीतरी मोठी. पण त्यांनीं गाइलीं तीं गीतें त्यांचीं स्वतःचीं नव्हेत, व्हिक्टोरियाचीं. आजारी स्त्रीला ‘घे’ म्हणण्यापूर्वीं त्यांनीं तिच्याजवळ कांहींतरी मागितलें, हें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें.

येथें कायद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. गीत रचणारा व गीत गाणारा हे दोन निरनिराळे धनी होत. अमेरिकेंत १९०९ सालच्या कायद्यापासून असा नियम आहे कीं, एकदां मुद्रित होऊन बाजारांत आलेलें गीत कोणीही पुन्हां गावें. मात्र प्रत्येक प्रतीमागें रचनेच्या हक्कदारास ठराविक मोबदला द्यावा. १९९३ सालीं पांच मिनिटांपर्यंतच्या गीतास हा दर ६.२५ सेंट होता. रक्कम क्षुल्लक दिसते, परंतु ती भिक्षा नव्हे; ती मजुरी आहे. शिवाय पर्ल जॅमच्या असंख्य श्रोत्यांनीं ‘क्रेझी मेरी’ हें तिचें गीत ऐकलें, आणि १९९४ सालीं ‘लूस’ या संग्रहांत तिनें तेंच गीत स्वतः गाइलें. एरवीं जिची ओळख ‘ती बिचारी आजारी बाई’ अशी झाली असती, ती अनेकांस गीतकर्त्री म्हणून ठाऊक झाली. इतर आजारी कलावंतांसाठीं याच प्रयत्नांतून एक कायमचा निधि उभा राहिला. यांत मोठ्या गायकांचीही जाहिरात झाली, असें कोणी म्हणेल. झाली असेल! आमचें त्याबद्दल भांडण नाहीं.

याच्या उलट १९८४ सालचें उदाहरण पाहा. इथिओपियांतील दुष्काळासाठीं बॉब गेल्डॉफ व मिज यूर यांनीं एक गीत रचलें. ब्रिटन व आयर्लंडांतील नामांकित गायकांनीं तें मिळून गाइलें, लाखों प्रती खपल्या, मोठा निधि जमला. उपाशी माणसाच्या मुखीं घांस गेला, त्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. तथापि त्या गीताचें शीर्षकच विचारतें कीं, त्या लोकांना नाताळ आल्याचें ठाऊक तरी आहे काय! इथिओपियाच्या राजानें ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकांत स्वीकारला. रोमहून धर्मोपदेशक कँटरबरीस पोहोंचले ते ५९७ सालीं. त्या देशांत नाताळ ७ जानेवारीस पाळतात. ज्यांच्यासाठीं गाणें गाइलें त्यांचा एकही आवाज त्या गाण्यांत नव्हता; नाहींतर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

तरीही ‘स्वीट रिलीफ’ची रीत म्हणजे सर्व दुःखांवर उतारा, असें आमचें म्हणणें नाहीं. १९९६ सालीं त्याच निधीसाठीं दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली, ती विक चेसनट याच्या गीतांची. १९८३ सालच्या मोटार-अपघातापासून हा चाकांच्या खुर्चीला खिळलेला होता. मॅडोनासारख्या गायिकेनें त्याचें गीत गाइलें. परंतु पुढें २००९ सालीं रुग्णालयाच्या बिलांचें कर्ज डोक्यावर असल्याचें त्यानें उघडपणें सांगितलें, आणि त्याच वर्षीं ऐन नाताळांत वयाच्या ४५ व्या वर्षीं तो वारला. गौरवानें बिल भागत नाहीं. तें काम समाजाच्या कायमच्या व्यवस्थेचें आहे.

आतां आपल्या घरचें पाहूं. एका शाळेंत आम्हीं असा समारंभ पाहिला आहे कीं, निर्धन विद्यार्थ्यांचीं नांवें मोठ्यानें पुकारून, त्यांस एकामागून एक व्यासपीठावर बोलावून, पाहुण्यांच्या हस्तें वह्यापुस्तकें दिलीं. त्यांतला एक मुलगा चित्रें फार सुरेख काढी. त्याचें एकही चित्र त्या दिवशीं भिंतीवर नव्हतें. खालीं घातलेली मान मात्र सर्वांनीं पाहिली. ज्या पालकांनीं तो फंड दिला त्यांच्या मनांत असें कांहीं नव्हतें, हें आम्ही जाणतों.

येत्या स्नेहसंमेलनांत विद्यार्थी साहाय्यक फंडासाठीं कार्यक्रम व्हावयाचा आहे. त्यांत बाहेरून आणलेल्या गाण्यांऐवजीं आपल्याच मुलांनीं रचलेलीं दोनचार गीतें वरच्या वर्गांतील चांगल्या गळ्याच्या मुलामुलींनीं गावीं, आणि आपल्याच मुलांचीं चित्रें विकावयास मांडावीं. कार्यक्रमपत्रिकेवर रचणाराचें नांव ठळक छापावें. फंडांतून कोणास काय मिळालें, हें मुख्याध्यापकांच्या वहींत राहिलें म्हणजे पुरे.