सोयाच्या 'दुधा'वरून कोर्टबाजी, पण दूधवाल्याचा खरा घात सुट्या पनीरमध्ये

सोयाबीन, बदाम, ओट यांपासून काढलेल्या पांढऱ्या पेयाला 'दूध' म्हणायचं की नाही, यावरून देशात आणि परदेशात कोर्टबाजी झाली आहे. वरवर पाहता हे शहरातल्या मॉलचं भांडण. पण ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आणि रानात सोयाबीन आहे, त्या शेतकऱ्याचा याच्याशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो.

नियम काय सांगतो?

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमात दूध म्हणजे निरोगी दुभत्या जनावराचं दूध. दूध, दही, लोणी, पनीर ही नावं दुसऱ्या पदार्थाला लावता येत नाहीत. नारळाचं दूध, पीनट बटर अशा रूढ नावांना तेवढी सूट आहे. २०२१ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना हा नियम मोडणारा माल हटवायला सांगितलं. सहकारी दूध संघांना हेच हवं होतं. मग उत्पादक कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

युरोपच्या न्यायालयाने १४ जून २०१७ रोजी जर्मनीच्या टोफूटाऊन कंपनीच्या खटल्यात दूधवाल्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे 'सोया' लिहिलं तरी मागे 'दूध' चालणार नाही, असं ठरलं. अमेरिकेत उलटं. तिथल्या अन्न व औषध खात्याने २०२३ च्या मसुद्यात 'सोया मिल्क' नावाला हरकत घेतली नाही, फक्त पोषणातला फरक पाकिटावर लिहावा असं सुचवलं.

फसतं कोण?

आपल्या भाषेत गाईचा चीक असतो, तसा गव्हाचाही चीक असतो. त्यात कुणी फसत नाही. पण 'बदाम दूध' म्हटलं की आपल्याकडे बदाम घातलेलं म्हशीचं किंवा गाईचं दूध समजतात. पाकिटातल्या 'आल्मंड मिल्क'मध्ये मात्र बदाम आणि पाणी असतं, जनावराचं दूध नसतं. लहान लेकराला दूध समजून हे पाजलं तर नुकसान त्या लेकराचं. म्हणून नावाचा नियम हवाच. सोयाबीनवाल्याचंही त्यात काही बिघडत नाही. 'सोया पेय' नावानेही माल विकता येतो.

खरी मेख मात्र वेगळीच आहे. सोयाच्या डब्यावर निदान 'सोया' छापलेलं तरी असतं. ॲनालॉग पनीरमध्ये दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं, म्हणून ते स्वस्त पडतं. तसं स्पष्ट लिहून विकणं कायद्याने चालतं. पण हॉटेलच्या भाजीला लेबल कुठलं? तिथे ते 'पनीर' नावानेच ताटात येतं. मार्च २०२५ मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी हा विषय विधानसभेत मांडला, तेव्हा कुठे राज्यभर चर्चा झाली.

हिशेब सरळ आहे. ताटातलं पनीर तेलाचं असेल, तर तेवढं दूध डेअरीवरून कमी उचललं जातं आणि दर पाडायला कारण मिळतं. बदाम पेय पिणारा शहरी ग्राहक मुळात मोजका. पनीर मात्र लग्नाच्या पंगतीपासून ढाब्यापर्यंत सगळीकडे आहे.

कोर्टात पाकिटावरच्या शब्दाचा निकाल लागेल. सुट्या मालाची तपासणी अन्न व औषध प्रशासनाच्या हातात आहे. तोवर ढाब्यावर किंवा केटररला 'पनीर दुधाचं की ॲनालॉग?' एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. दूध घालणाऱ्यांनी तर ते आधी विचारावं.