कुत्र्याची छत्री

फराळाचे ताट मांडीवर घेऊन दिवाळी अंक चाळणाऱ्या वाचकांपुढे कुत्र्याच्या छत्रीचा विषय काढणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मला कळते. पण मराठी शिकवणे हा माझा पोटाचा धंदा. पदार्थ पाहण्याआधी त्याचे नाव पाहायची खोड त्यातून लागली आहे, आणि या नावापाशी मी दरवर्षी अडखळतो. पावसाळ्यात जमिनीतून डोके वर काढणाऱ्या यच्चयावत छत्र्यांना आपल्या शहरी मराठीने एकच नाव दिले आणि ती छत्री कुत्र्याच्या स्वाधीन करून टाकली. त्यातली कोणती ताटात वाढण्याजोगी आणि कोणती माणसाला स्मशानात पोचवणारी, हा भेद करण्याची तसदी आपण घेतलीच नाही.

याला धर्मशास्त्राचाही टेकू आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये ते सांगताना लसूण-कांद्याच्या पंक्तीला छत्राक बसवले आहे. चातुर्मासातली रजा सोडली तर लसूण-कांद्याला आपण केव्हाच माफी दिली. छत्राक मात्र वाळीत राहिले. पुढे भाजीवाल्याकडे प्लॅस्टिकच्या डबीत पांढरी बटणे मिळू लागली, त्यांचे नाव 'मशरूम' असल्याचे कळले, आणि तीच कुत्र्याची छत्री मटारच्या रश्श्यात बसून आपल्या जेवणघरात सन्मानाने शिरली. तिच्या संशोधनासाठी हिमाचलातल्या सोलनला १९८३ साली राष्ट्रीय केंद्र निघाले. नाव बदलले की गोत्र बदलते, ते असे!

रानातल्या छत्रीला मात्र शहरात अजून गोत्र मिळालेले नाही. ते पाहायचे तर हिवरखेडला जावे लागते.

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले हे गाव. पुरते नाव हिवरखेड रूपराव. हिवर म्हणजे बाभळीच्या गोतातले, पांढुरक्या सालीचे काटेरी झाड. गावाच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळीभोर जमीन पसरलेली, आणि उत्तरेला मान वर केली की सातपुडा. अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेज गाडी पूर्वी याच गावावरून मेळघाटच्या सागवनात शिरत असे. ती गाडी आता नाही, पण भाद्रपद-आश्विनातले रान तसेच आहे. अळ्यांनी खाऊन सागाची पाने जाळीदार झालेली, खाली पालापाचोळा कुजत पडलेला, आणि दोन सरींच्या मध्ये एखादे दिवस कडकडीत ऊन पडले की त्या पाचोळ्यातून, वाळक्या ओंडक्यांतून, शेताच्या धुऱ्यांवरून या छत्र्या वर येतात. वऱ्हाडात खाण्याजोग्या छत्रीला टेकोडे म्हणतात. पूर्व विदर्भात तिची सात्या होते, कोकणात अळंबी.

माझ्या आत्याचे शेत तिथे आहे. एका भाद्रपदात तिच्याकडे निंदायला येणारी एक म्हातारी धुऱ्यावर वाकून टेकोडे ओच्यात गोळा करीत होती. चार हातांवर मला अगदी तशीच दिसणारी दुसरी पांढरी छत्री होती, पण तिच्याकडे बाईने ढुंकूनही पाहिले नाही. मास्तरी सवयीने मी विचारले, "आजी, हे खायचे आणि ते नाही, हे कशावरून ओळखता? खूण काय?"

"खून कायची रे बापू?" ती मान वर न करता म्हणाली. "आपल्या लेकराले का कोनी खुना पाहून वयखते? हे वारुयावरचं हाये. मायी माय मले इथंच दाखवे."

उत्तर ऐकून त्या वेळी मी हसलो. पुढे या विषयावर जे जे वाचनात आले, ते पाहता म्हातारीने तीन वाक्यांत शास्त्र सांगितले होते असे माझे मत झाले आहे.

पहिली गोष्ट वारुळाची. टेकोडे वारुळावर उगवते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ते तिथे पेरलेले असते. वाळवी, म्हणजे वऱ्हाडी शेतकऱ्याची वैरीण उधई, वाळके लाकूड आणि पाने कुरतडून आणते. पण त्यातला कठीण भाग तिला एकटीला पचत नाही. म्हणून जमिनीखाली ती आपल्या विष्ठेचे स्पंजासारखे पोळे रचते आणि त्यावर एक बुरशी पोसते. बुरशी लाकूड मऊ करते, तिच्यावर साबुदाण्यासारखे पांढरे कण धरतात, आणि वाळवीचे कुटुंब त्यावर जगते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची जुनी, असे शास्त्रज्ञ मानतात. आपली शेती तिच्यापुढे कालची! पाऊस मुरला की तीच बुरशी पोळ्यापासून एक लांब सोट वर धाडते. त्याच्या टोकाला माती भेदण्यासाठी कठीण टोपरे असते. वर येऊन ते उघडले की झाले टेकोडे. रोजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या कुळाला 'टर्मिटोमायसिस' हे नाव दिले, पण बटणांसारखी त्याची बाजारी लागवड माणसाला साधलेली नाही. ते पीक वाळवीच काढू जाणे. म्हणून वारूळ खणून टेकोडे काढणाऱ्याला पुढच्या वर्षी तिथे काही मिळत नाही. म्हातारी ते वरच्या वर पिळून घेत होती, ते यासाठी.

दुसरी गोष्ट जागेची. सुश्रुतसंहितेत या भाज्यांचे प्रकार सांगितले आहेत, ते रंगावरून वा आकारावरून नव्हेत. पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची, भुईतली, असे उगवण्याच्या जागेवरून. "हे वारुयावरचं हाये" ही त्याच परंपरेतली भाषा. कवीही मागे नाहीत. कालिदासाच्या मेघाची गर्जना ऐकून पृथ्वी शिलीन्ध्रांनी सफळ होते, आणि तो मेघ निघतो रामगिरीहून. पुष्कळांच्या मते आपल्या विदर्भातल्या रामटेकाहून. वीज कडाडली की टेकोडे फुटतात असे खेडोपाडी म्हणतात. हा कविकल्पनेचा खेळ म्हणून सोडून द्यावा, तर जपानमधल्या इवाते विद्यापीठात ओंडक्यांवरच्या शिताके अळंबीला क्षणभर उच्च दाबाच्या विजेचा धक्का दिला, आणि पीक वाढलेले आढळले!

तिसरी गोष्ट जिवाची आहे, आणि इथे थट्टा पुरे. विषारी छत्री ओळखण्याच्या म्हणून ज्या खुणा घरोघर सांगतात, त्यांतली एकही विश्वासाची नाही. शिजवताना भांड्यात चांदीचा रुपया टाका, काळा पडला तर विषारी. लसणीचा रंग पालटला तर विषारी. किड्यांनी खाल्ले असेल तर निर्धास्त खावे. चांदी काळी पडते ती गंधकाने. प्राणघातक ॲमानिटा छत्रीतल्या विषाशी तिचे काही देणेघेणे नाही. गोगलगाय ती छत्री खुशाल खाते. उकळल्याने ते विष जात नाही, वाळवल्यानेही नाही. त्याची रीतही कपटी. सहा तास, कधी त्याहून बराच वेळ काही होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. ते थांबून रोग्याला बरे वाटू लागते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये वरच्या आसामात, चहामळ्यांच्या मुलखात, रानातली छत्री खाऊन तेरा माणसे दगावली. तेव्हा छत्री खाल्ल्यावर उलट्या झाल्या, तर बरे वाटेल म्हणून वाट न पाहता इस्पितळ गाठावे. उरलेला तुकडा बरोबर न्यावा. बंगल्याच्या हिरवळीवर उगवणारी मोठी पांढरी छत्रीही तोडू नये. जून झाली की जिच्या पोटाखालच्या चुण्या हिरवट होतात, अशी एक जात आपल्याकडे बागांतून सर्रास येते. ती सहसा जीव घेत नाही, पण माणसाला बेजार करते.

म्हणजे सर्वांना लागू पडेल अशी एक खूण नाहीच. विशिष्ट जागची एक विशिष्ट जात, ती दाखवणारे माणूस आणि वर्षानुवर्षांचा परिचय, एवढेच हाती उरते. लेकराची उपमा म्हातारीने उगाच दिली नव्हती.

हा परिचय ज्या धुऱ्यांवर होतो ते धुरे मात्र आता अरुंद होत चालले आहेत. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी. दोन तास जास्त कपाशी हवी. वारूळ म्हणजे उधईचे घर, ते औषध टाकून मारलेलेच बरे. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. उधईने पोखरलेल्या घराच्या सऱ्याची किंमत त्याला विचारावी. पण वारूळ गेले की टेकोडे जाते आणि मागोमाग तो शब्दही जातो, याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही. गोव्यात तरी याची चर्चा झाली. श्रावणात तिथे वारुळावरच्या अळंबीला सोन्याचा भाव येतो, आणि गोवा विद्यापीठाचे डॉ. नंदकुमार कामत यांनी तिचा दीर्घ अभ्यास करून बेसुमार खुडणीविरुद्ध आवाज उठवला. वऱ्हाडात टेकोड्याला अजून वकील मिळायचा आहे. धिंगरीची लागवड सोयाबीनच्या कुटारावर किंवा पऱ्हाट्यांच्या भुश्श्यावर करता येते आणि ती चार पैसेही देते. पण धिंगरी ती धिंगरीच.

त्या म्हातारीची नात अकोल्याला विज्ञान शिकते. बुरशींचे वर्गीकरण तिला तोंडपाठ आहे. यंदा पोळ्याला ती आली, आजीबरोबर धुऱ्यावर गेली आणि मोबाइलवर टेकोड्याचे चारी बाजूंनी फोटो काढू लागली. अशा फोटोवरून जात सांगणारी सोय आता मोबाइलात असते, असे तिने आजीला समजावले.

"फोटूत वास येते काय?" म्हातारीने विचारले.

नातीने मोबाइल खिशात ठेवला आणि टेकोडे नाकाशी नेले.