आवाज कुणाचा?

"हापिसात नक्की काय करतोस रे?" असं पिंपळे गुरवला आमच्या सोसायटीत कुणी काकांनी विचारलं की मी "सॉफ्टवेअर" एवढंच सांगून सटकतो. खरं उत्तर लांबलचक आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर जो स्क्रीन असतो त्याच्यामागे एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्यात पुष्कळदा लिनक्स असतं (अँड्रॉइड असलं तरी आतला कर्नल लिनक्सचाच), आणि त्या कर्नलमधून स्पीकरपर्यंत आवाज पोचवणारा ड्रायव्हर लिहिणं हे माझं काम. गाणी, नकाशावाल्या बाई, फोन, रिव्हर्सचा बीप... सगळे एकाच वाटेने येतात. गाणं अडखळलं तर लोक शिव्या देतात, बीप अडखळला तर गाडी खांबाला भेटते.

असो. नमनाला घडाभर तेल झालं. मुद्दा असा की हे ड्रायव्हर आपण लिहितो आणि पुरून टाकतो. आणि हे मला अजिबात पटत नाही.

आधी थोडं तांत्रिक, कंटाळू नका. बोर्डावर दोन चिप असतात. एक प्रोसेसर, दुसरी कोडेक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी. दोघांमध्ये आय-टू-एस नावाच्या तारा असतात, हे फिलिप्सने १९८६ साली काढलेलं प्रकरण. सगळी गंमत घड्याळाची. सेकंदाला ४८,००० नमुने हवे असतील तर कोडेकला साधारणपणे त्याच्या २५६ पट, म्हणजे १२.२८८ मेगाहर्ट्झचं घड्याळ देतात. ४४,१०० ला ११.२८९६. पहिलं घड्याळ चालू ठेवून दुसऱ्या पद्धतीचं गाणं वाजवलं तर ते जवळपास ९ टक्के जलद वाजतं आणि भारदस्त गायक एकदम कोवळा होतो. अशा एका आकड्यामागे दोन-दोन दिवस जातात. ऑसिलोस्कोप लावून तारा बघत बसायचं, बाजूच्या टीमला वाटतं हा माणूस हार्डवेअरचा आहे.

पूर्वी लिनक्समध्ये कोडेकचा ड्रायव्हर आणि प्रोसेसरचा ड्रायव्हर एकमेकांत गुंतलेले असायचे. डब्ल्यूएम८७३१ नावाच्या एकाच कोडेकसाठी चार प्रोसेसरवर चार वेगळे ड्रायव्हर होते! भोसरी एमआयडीसीतला कुठलाही वर्कशॉपवाला हसेल. एकच वॉशर चार गिऱ्हाइकांना द्यायचा म्हणून तो काही चार डाय बनवत नाही. २००७ साली, कर्नल २.६.२१ मध्ये, एसॉक नावाची चौकट आली आणि हे तुकडे सुटे झाले. कोडेकचा वेगळा, प्रोसेसरचा वेगळा, आणि या बोर्डावर कोण कुणाला जोडलंय हे सांगणारा तिसरा, ज्याला मशीन ड्रायव्हर म्हणतात. साध्या बोर्डाला आता हा तिसराही लिहावा लागत नाही, डिव्हाइस ट्रीमध्ये चार ओळी टाकल्या की काम होतं. शिवाय डॅपम म्हणून एक झकास सोय आहे. आवाज ज्या वाटेने जातोय तेवढेच भाग ती चालू ठेवते आणि चालू-बंद करायचा क्रमही सांभाळते, त्यामुळे स्पीकरमधून येणारा तो "फट्" आवाज कमी होतो.

म्हणजे जगाने चार डायचा एक डाय केला. आणि आपण काय करतो? हिंजवडी ते चाकण या पट्ट्यात एका गिऱ्हाइकासाठी एका कोडेकचा ड्रायव्हर लिहितो, तो त्याच्या खासगी रिपॉझिटरीत जातो. दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीतला दुसरा पोरगा तोच कोडेक, तीच डेटाशीट घेऊन पहिल्यापासून सुरुवात करतो. मी स्वतः अशा प्रोजेक्टवर होतो. वर्षभर खपून लिहिलेला ड्रायव्हर, आणि आज मी तो मलासुद्धा दाखवू शकत नाही.

मॅनेजर लोकांचं उत्तर ठरलेलं, "कस्टमरचा आयपी आहे." कसला आयपी? कुठल्या रजिस्टरमध्ये कुठला बिट लिहायचा हे बहुतेक वेळा चिपवाल्याने डेटाशीटमध्ये छापलेलंच असतं. गुपित असतं ते केबिनच्या ट्यूनिंगमध्ये, इक्वलायझरच्या आकड्यांमध्ये, डीएसपीच्या फर्मवेअरमध्ये. ते ठेवा की झाकून! आणि एसॉकची फंक्शन्स जीपीएलवाल्या ड्रायव्हरलाच वापरता येतात, त्यामुळे तो कोड तसाही जीपीएल असतो. ज्याच्या हातात ते यंत्र जाईल त्याने मागितला तर द्यावाच लागेल. फक्त मूळ कर्नलला परत पाठवायची सक्ती नाही, तेवढ्या फटीत सगळे बसलेत.

पैशाचं बोलू, कारण तेच ऐकलं जातं. गाडी दहा-पंधरा वर्षं चालते. कर्नलच्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांची मुदत ६ वर्षांवरून २ वर्षांवर आणायचं २०२३ मध्ये जाहीर झालं. म्हणजे सुरक्षेचे पॅच हवे असतील तर कर्नल बदलत राहा, आणि दर वेळी आपला पुरलेला ड्रायव्हर उकरून नव्या कर्नलला जुळवा. ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये असेल तर आतलं फंक्शन बदलणाराच तुमचा कोडही बदलून देतो. फुकट! एवढं गणित दहावीच्या पोराला जमेल.

हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. पॅच साध्या ईमेलने पाठवायचा, चेकपॅच स्क्रिप्टच्या कुरकुरी निस्तरायच्या, मग एसॉकचे मेन्टेनर मार्क ब्राउन दोन ओळींत तुमच्या आठवड्याच्या मेहनतीची हवा काढणार. आपल्याकडे डिलिव्हरीची तारीख शुक्रवारची असते, रिव्ह्यूला तीन आठवडे कोण देणार? पण त्या दोन ओळींत जे शिकायला मिळतं ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळत नाही. आणि पॅच शिरला की सोबत तुमचं "साइन्ड-ऑफ-बाय" कायमचं नोंदलं जातं. कंपनी बदला, कंपनी बुडो, नाव राहतं.

नाहीतर इंटरव्ह्यूत काय दाखवणार? सहा वर्षांचा अनुभव आणि "एनडीए आहे सर". पुरुषोत्तमच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात "आवाज कुणाचा" म्हणून घसा फोडणारी पोरं आपण, आणि गाड्यांमधून शब्दशः आपलाच आवाज वाजतोय तर नाव सांगायची चोरी.

भारतीयांना कोण विचारतो, हेही ऐकलंय. आवाजाच्याच खात्यात विनोद कौल यांचं नाव बघा. दाबलेला ऑडिओ थेट डीएसपीकडे पाठवणारा अल्साचा भाग २०१२ मध्ये कर्नल ३.३ मध्ये आला, तो त्यांच्या कामातून. २०१८ मध्ये ४.१६ मध्ये साउंडवायर आलं, तेही त्यांनीच आणलं. इथलीच माणसं करतात ही कामं.

अडचण मात्र इंजिनिअरच्या हातातली नाही. कोडचा हक्क बहुधा गिऱ्हाइकाचा असतो, त्यामुळे रात्री घरून गुपचूप पॅच पाठवायचा आगाऊपणा करू नका, नोकरी जाईल. परवानगी कामाआधी हवी, कॉन्ट्रॅक्टमध्ये, कारण काम संपल्यावर त्या मेलला कुणी उत्तर देत नाही. म्हणून नव्या प्रोजेक्टच्या कागदपत्रांत एक ओळ घाला म्हणून मी मागे लागलोय: "बाजारात सुट्या मिळणाऱ्या चिपचे ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलकडे पाठवण्यास ग्राहकाची हरकत नाही, त्यासाठीचा वेळ अंदाजपत्रकात धरलेला आहे." दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा. मॅनेजरने तोच खोडला होता, मी परत घातला. आता कागद लीगलकडे आहे, तिसरा आठवडा चालू आहे.